घरी कोणी नसतं

"नाही डॉक्टर, दिवसभर घरी कोणी नसतं," ऋजुता फोनवर म्हणाली, तेव्हा तिच्यापासून चार हातांवर कमलताई वाती वळत बसल्या होत्या.

त्यांच्या बोटांतली वात तुटली. ती बाजूला ठेवून त्यांनी बोटाला जराशी राख लावली आणि दुसरा कापूस घेतला. सोफ्याच्या कडेला बसलेली त्यांची सून फोन खांद्यात धरून मांजराच्या पिल्लाचे डोळे ओल्या कापसानं पुसत होती. कापूस कमलताईंच्या टोपलीतला होता, आणि विचारून घेतलेला नव्हता.

पलीकडून डॉक्टर काही सांगत होते. ऋजुता त्यांचे शब्द परत म्हणत होती. दीड महिन्याचं असेल. चार तासांच्या वर एकटं ठेवायचं नाही? मग कसं करायचं? ती स्वतः साडेआठला फॅक्टरीच्या लॅबमध्ये जाते, मिस्टर नऊला बँकेच्या टोंकखुर्द ब्रँचला, मुलगी शाळेत. "कोणी म्हणजे कोणीच नाही हो," ती पुन्हा म्हणाली.

कमलताईंना राग आला. आवाज चढवणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. यजमान, उमाशंकरराव, होते तेव्हा ते शाळेत पोरांवर ओरडत आणि घरी येऊनही ओरडत. कमलताई फार तर भांडी जरा जोरात ठेवत. आज हाताशी भांडी नव्हती, आणि कापूस काही जोरात ठेवता येत नाही.

पिल्लू आदल्या दिवशी, रविवारी आलं होतं. त्यांच्या मुलाच्या, अजेयच्या, ब्रँचच्या शिपायाकडे मांजर व्यालं होतं, आणि मंडीत येणाऱ्या एका ट्रॉलीखाली आई गेली. चारांपैकी हे एक उरलं. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, पोह्यांवर जिरावन भुरभुरावं तसे. म्हणून नातीनं, अनन्यानं, त्याचं नाव जिरावन ठेवलं आणि तासाभरात त्याचं जिरू झालं. मांजर घरात मेलं तर काशीला जावं लागतं, एवढं लक्षात ठेवा, असं कमलताईंनी सांगितलं होतं. त्यावर ऋजुतानं विचारलं होतं, "आई, तुमच्या सोवळ्यात चालेल ना हे?"

"नाही," त्या म्हणाल्या होत्या. तो विषय तिथेच संपला होता.

पाच वर्षांपूर्वी उमाशंकरराव गेले. त्या वर्षीच्या चातुर्मासात कमलताईंनी नेम धरला आणि पुढं तो बारमाही केला. सकाळची अंघोळ झाली की सोवळं नेसायचं, आणि दुपारी एक वाजेपर्यंत मौन. पूजा, पोथी, जप, आणि चातुर्मासात लाख वाती. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवून सांगितलं होतं, की बेल वाजो, फोन वाजो, कोणी येवो, मला हाक मारू नका. एक वाजेपर्यंत मी घरात नाहीच असं धरा. तेव्हा अजेय हसला होता, आता दुधवाल्या भियालाही आईची अपॉइंटमेंट घ्यावी लागणार म्हणाला होता. पुढं बेल वाजवून माणसं परत जाऊ लागली, दोनदा गॅसचं सिलिंडर परत गेलं. मग ऋजुता जाताना पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावू लागली. मागचं दार आतून उघडायचं, त्यामुळं अडचण काही नव्हती. कमलताईंना ते कुलूप आवडतही असे. सकाळी खटका वाजला, की आता आपण आणि देव.

पण एक वाजल्यावर त्या असतच की घरात. वरण-भात करून जेवत, कपडे घड्या करून ठेवत, संध्याकाळची भाजी चिरून ठेवत. चिरलेली भाजी रोज आपोआप चिरली जाते असं वाटत होतं की काय हिला?

मंगळवारी संध्याकाळी अजेय कॅमेरा घेऊन आला. लिंबाएवढा पांढरा गोळा. तो त्यानं टीव्हीच्या फळीवर बसवला. ऑफिसातून मोबाईलवर पिल्लू दिसणार, आणि त्याच्याशी बोलताही येणार. शिवाय वेळ झाली की वाटीत दाणे टाकणारा एक डबा, आणि वाळूचा ट्रे. अजेय मोबाईल फिरवून दाखवत होता. हॉल दिसत होता, स्वयंपाकघराचं अर्धं दार दिसत होतं.

"देवघर येत नाही यात. तू टेन्शन घेऊ नको, आई."

"मी कुठं दिसते?"

"तू कशाला दिसायला हवीस?" तो अगदी सहज म्हणाला आणि वायर खोचायला खाली वाकला.

मग त्यानं अनन्याला बोलावून नीट समजावलं. शनिवारपर्यंत बघायचं. पिल्लू एकटं राहिलं, नीट खाल्लं, तर ठीक. नाहीतर रविवारी ते कन्नौदला दत्ताजीमामांच्या धान्याच्या गोदामात सोडायचं. तिथं उंदीर पुष्कळ, माणसंही असतात. अनन्या आठ वर्षांची होती. ती रडली नाही. पिल्लाला छातीशी धरून तिनं फक्त विचारलं, "वहाँ कोई इससे बात करेगा?" अजेय कॅमेऱ्याचं खोकं आवरू लागला. अनन्यानं आजीकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली, जसं आपण बंद दुकानाकडं पाहतो.

बुधवारी दिवसभर पिल्लू रडलं. कुलुपाचा खटका वाजल्यापासून ते दाराशी बसलं होतं. मध्येच फळीवरून ऋजुताचा आवाज यायचा, "जिरू, जिरू, मम्मा इधर है." पिल्लू धावत जाऊन टीव्हीखालचं कपाट ओरबाडायचं, आवाज बंद झाला की पुन्हा रडायचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवघरात कमलताईंच्या हातातली माळ पुढं सरकायची आणि अडायची. कोणता मणी झाला, कोणता राहिला, त्यांना कळेना. सुनेचा राग आला. त्या गोळ्याचा आला, जो त्यांच्या घरात त्यांना न विचारता बोलत होता. पिल्लाचा तर आलाच. एवढ्याशा जिवाला एवढा आवाज दिला कुणी? एक वाजला तेव्हा ते दमून झोपलं होतं. डब्यानं टाकलेले दाणे वाटीत तसेच होते.

गुरुवारी ते स्वयंपाकघरात आलं आणि फ्रिजच्या मागं जाऊन अडकलं.

कमलताईंना पाटावरून त्याचं शेपूट दिसत होतं. फ्रिज आणि भिंत यांच्यातली फट पुढं रुंद होती, आत अरुंद. ते पुढून शिरलं होतं आणि आत जाऊन रुतलं होतं. आता रडणंही निघेना, नुसती बारीक चीं चीं येत होती. हॉलमधून आवाज आला, "जिरू? जिरू कुठंयस?" मग पुन्हा. मग आवाजात घाबरेपणा. कमलताईंचा एक पाय पाटावरून खाली आला. पावणेअकरा झाले होते. त्यांनी देवाकडं पाहिलं, मग पाय वर घेतला. माळ पुढं सरकवली.

दहा मिनिटांनी पुढचं कुलूप उघडलं. शेजारची अंकिता होती. अनन्या रोज शाळेच्या बसमधून उतरून तिच्याकडेच ट्यूशनला जायची आणि सहाला ऋजुताबरोबर घरी यायची. अंकिताच्या हातात किल्ली होती, आणि स्पीकरवर टाकलेला फोन.

"सॉरी हां अंकिता," फोनमधून ऋजुता म्हणत होती, "घर पे कोई है नहीं ना, इसलिए तुझे तकलीफ दी."

अंकिता स्वयंपाकघरात आली आणि दारातच थबकली.

"भाभी, आंटीजी तो यहीं बैठी हैं."

फोनमधला ऋजुताचा आवाज हळू झाला. "हां. वो पूजा में हैं. उनसे कुछ मत कहना."

अंकितानं फ्रिज दोन्ही हातांनी सरकवला. पिल्लाला काढलं, झटकलं, पदराखाली धरलं. जाताना तिनं हात जोडले. देवाला की कमलताईंना, ते कळलं नाही. पिल्लू ती बरोबरच घेऊन गेली. पुन्हा खटका वाजला. आज तो कमलताईंना कानाखाली बसल्यासारखा वाटला.

संध्याकाळी अनन्या पिल्लाला घेऊन आतल्या खोलीत गेल्यावर कमलताई बोलल्या. ऋजुता जेवणाच्या टेबलाशी गवार निवडत होती. अजेय टीव्हीसमोर होता.

"शेजारी सांगून झालं," कमलताई म्हणाल्या, "आता पेपरात कधी देणार?"

"काय, आई?"

"या घरात कोणी नसतं, ते."

अजेयनं टीव्हीचा आवाज बंद केला. "अगं आई, तिचा तसा अर्थ नव्हता."

"होता," ऋजुता म्हणाली.

ती गवारीच्या शिरा काढत राहिली. एकेक शेंग मोडायची, शीर ओढायची, वाडग्यात टाकायची. आवाज तिनंही चढवला नाही.

"तुम्हीच म्हणाला होतात, एक वाजेपर्यंत मी घरात नाही असं धरा. मी नव्हतं धरलं. मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे. गेल्या श्रावणापर्यंत मला तसंच वाटत होतं."

गेल्या श्रावणात अनन्याला ताप होता. ऋजुताच्या लॅबमध्ये त्या दिवशी तपासणी होती, सुट्टी मिळेना. तिनं पोरीला गोळी देऊन झोपवलं, उशाशी पाणी ठेवलं, आजी आहे घरात असं तिला सांगितलं आणि गेली. अकराच्या सुमारास पोरीला उलटी झाली, अंथरुणातच. तिनं हाका मारल्या. आजी दारापर्यंत आली. दारातून हातानं झोप झोप असं केलं. तांब्या उंबऱ्याच्या आत सरकवला आणि परत गेली. एक वाजता पोरीची चादर बदलली गेली, अंग पुसलं गेलं, पेज मिळाली. ऋजुता ते नाही म्हणत नव्हती. पण दोन तास ती त्यातच पडून होती.

"रात्री मी तिला विचारलं, आजी आली नाही का गं. तर म्हणाली..." ऋजुताच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणाली, 'आजी दिखी थी मम्मा, पर आजी घर पे नहीं थी.'"

अजेय रिमोटचं मागचं झाकण काढत होता आणि लावत होता. त्याला हे माहीत होतं, हे कमलताईंना त्याच्या बोटांवरून कळलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? नेम सोडला असतात?"

"एक वाजल्यानंतर तर मी असते ना गं."

"ताप घड्याळ बघून येतो का, आई?" ऋजुता उठली. वाडगं उचललं. "तेव्हापासून मी घरात कोणी नसतं असंच धरते. मग मला राग पण येत नाही. मांजराचंही तसंच धरलं, बस."

वर्षभर, कमलताईंच्या मनात आलं. वर्षभर ही पोरगी आपल्या हातचं जेवली, दिवाळीला पाया पडली, गुडघ्यांना तेल लावून दिलं, आणि पोटात हे घेऊन हिंडली. त्यांना तिचा इतका राग आला की ताटावर त्यांनी फक्त ताक घेतलं. पण रागाला टेकायला जागा सापडेना. ऋजुतावर ठेवला की तो घसरून परत त्यांच्याच पायाशी यायचा.

शुक्रवारी खटका वाजला. पिल्लू दाराशी जाऊन बसलं आणि रडायला लागलं.

श्रावणातला शुक्रवार, म्हणजे जिवतीची पूजा. देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावला होता. मांडीवर, खांद्यावर पोरंच पोरं घेतलेली ती आई. कमलताईंनी तिला आघाडा आणि दूर्वांची माळ घातली, कापसाचं वस्त्र वाहिलं, दूध-साखर आणि फुटाण्यांचा नैवेद्य दाखवला. पुढचं काम अक्षतांचं. घरातल्या मुलांना ओवाळायचं, आणि मुलं परगावी असतील तर त्यांच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकायच्या, म्हणजे असतील तिथं पोचतात.

अक्षता मुठीत घेतल्या आणि त्यांचा हात थांबला.

गेल्या वर्षी तो दिवससुद्धा शुक्रवारच होता. हाका आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत अशाच अक्षता होत्या. उजव्या मुठीत अक्षता, म्हणून तांब्या त्यांनी डाव्या हातानं सरकवला होता. परत येऊन त्यांनी अनन्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकल्या होत्या. पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला. पोर शेजारच्या खोलीत होती.

हॉलमध्ये पिल्लाचा आवाज बसत चालला होता.

मांजराला विटाळ नाही, असं त्यांच्या सासूबाई म्हणत. सासूबाईंचं सोवळं इतकं कडक, की सुनेची सावली चालत नसे. पण त्यांचं राखाडी मांजर श्राद्धाच्या स्वयंपाकातसुद्धा चुलीच्या उबेला झोपलेलं असायचं. ते देवघरातून गेलं तरी सोवळं मोडत नसे. हे कमलताईंना रविवारीही माहीत होतं. ऋजुतानं विचारलं तेव्हाही माहीत होतं. हो म्हटलं असतं तर मांजर गळ्यात पडलं असतं, म्हणून त्या नाही म्हणाल्या. त्यात देव कुठंच नव्हता.

आणि त्यांना आणखी एक गोष्ट आठवली, जी रोज समोर असून त्यांनी कधी उचलून पाहिली नव्हती. अनन्या ट्यूशनहून सहाला येते आणि आठ वाजता गृहपाठ करायला बसते. सगळा गृहपाठ, पहिल्या ओळीपासून. एवढ्या वेळात अंकिता तिच्याकडून काय करून घेते, असं त्यांना अधूनमधून वाटायचं. ट्यूशन गेल्या श्रावणात लागली होती, त्या तापानंतर.

त्यांनी अक्षता ताम्हणात परत ठेवल्या. पाट उचलला. वातींची टोपली काखेत, नैवेद्याच्या दुधाची वाटी हातात घेतली आणि हॉलमध्ये येऊन टीव्हीसमोर, त्या पांढऱ्या गोळ्याच्या बरोबर पुढं पाट मांडून बसल्या. पिल्लू रडायचं थांबलं. लांबूनच बघत राहिलं. मग आलं, सोवळ्याच्या काठाचा वास घेतला, नखं रोवत मांडीवर चढलं आणि दोनदा गोल फिरून बसलं. मुठीएवढं अंग, पण केवढी ऊब. कमलताईंनी दाण्यांची वाटी पुढं ओढली, दोन दाणे नैवेद्याच्या दुधात भिजवून बोटावर धरले. त्यानं चाटले. मग आणखी दोन.

त्यांचा राग गेला नव्हता. तो तसाच होता, मांडीवरच्या त्या जिवाच्या शेजारी बसल्यासारखा. कमलताई गोळ्याकडं बघत राहिल्या.

अकराला पाच कमी असताना गोळ्यावर निळा दिवा लागला.

"जिरू?" ऋजुताचा आवाज आला. मागं कुठंतरी यंत्राची घरघर होती. "जिरू, कहाँ है..."

आवाज मध्येच थांबला. दिवा तसाच राहिला. घरघर तशीच चालू होती.

"आई?"

पाच वर्षांत या वेळेला त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्यांनी घसा खाकरला. पिल्लानं कान हलवला.

"आहे," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा आला. "उद्यापासून बाहेरून कुलूप लावायचं नाही."

त्यांनी पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला.

"आणि आज शुक्रवार आहे. मला अनन्याला ओवाळायचंय. तिला बसमधून सरळ घरी येऊ दे. ट्यूशन नको आता."

ट्यूशन कसली, हे दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही. निळा दिवा बराच वेळ जळत राहिला. ऋजुता गेली असावी असं कमलताईंना वाटलं, तेवढ्यात तिचा आवाज आला, अगदी जवळून, फोन तोंडाशी धरल्यासारखा.

"तिला विचारते, आई."

दिवा विझला. कमलताईंनी मान हलवली, जणू ती अजून बघत होती. बस किती वाजता येते, हे विचारायचं राहून गेलं होतं. मांडीवर पिल्लू झोपलं होतं, एक पाय वातींच्या टोपलीत टाकून. त्यांनी तो पाय काढला नाही. हलायचं नव्हतं, म्हणून बसल्या जागेवरून मान वळवून त्या पुढच्या दाराकडं पाहत राहिल्या.